दोन विजयांच्या मधला खेळाडू : गोष्ठ पाल

कलकत्त्याच्या मोहन बागान या फुटबॉल-क्लबाने आय. एफ. ए. शिल्ड प्रथम जिंकली ती १९११ साली, आणि तीच शिल्ड त्याच्या हाती दुसऱ्यांदा आली ती १९४७ साली, म्हणजे तीन तपांनंतर. कलकत्ता लीगचे अजिंक्यपद तर त्याला पहिल्यांदा लाभले ते १९३९ साली. या दीर्घ प्रतीक्षेच्या काळातली जवळजवळ दोन तपे, १९१२ पासून १९३५ पर्यंत, ज्या एका पुरुषाने त्या क्लबाच्या बचावाचा भार वाहिला, त्या गोष्ठ पाल यांच्या नावावर शिल्ड नाही आणि लीगही नाही. १९११ चा विजय त्यांच्या आगमनापूर्वी होऊन गेला होता आणि १९३९ चा विजय त्यांच्या निवृत्तीनंतर यावयाचा होता. असे असूनही कलकत्त्याच्या लोकमानसात त्यांना जे स्थान मिळाले, ते १९११ च्या विजयी कर्णधारास, शिवदास भादुरी यांस, मिळालेल्या स्थानाच्या तोडीचे आहे. विजयाच्या जमाखर्चात ज्याच्या खाती मोठी रक्कम दिसत नाही, अशा खेळाडूला एका महानगराने पिढ्यान्‌पिढ्या काळजाशी का धरावे, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. कारण त्याचे उत्तर शोधू लागले की पारतंत्र्याच्या काळात खेळाचे मैदान आपल्या लोकांना काय होते, हे आपोआप उलगडत जाते.

फुटबॉलचा हा खेळ बंगालात आला तो फौजेबरोबर आणि व्यापारी पेढ्यांवरील गोऱ्या कारकुनांबरोबर. या गोऱ्यांत सगळेच इंग्रज नव्हते. १८७२ सालच्या नाताळच्या दिवशी कलकत्त्यात रग्बीचा जो सामना झाला, त्यात एका बाजूस इंग्लंडचे वीस आणि दुसऱ्या बाजूस स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्स या तिन्ही देशांचे मिळून वीस असे गडी उतरले होते. त्यातून निघालेला क्लब काही वर्षांनी मोडला तेव्हा त्याच्या शिलकेतील चांदीचे रुपये वितळवून जो चषक घडविण्यात आला, त्यासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही दरवर्षी झुंजतात. पुढे १८९३ साली आय. एफ. ए. शिल्ड सुरू झाली तेव्हा पहिल्याच वर्षी ती जिंकली ‘रॉयल आयरिश रायफल्स’ या पलटणीने. ज्या आयर्लंडात स्वराज्याचा प्रश्न त्याच वर्षी पार्लमेंटात पेटलेला होता, त्या देशाचे शिपाई दुसऱ्या एका परतंत्र देशाच्या राजधानीत साम्राज्याच्या वर्दीत खेळून ढाल मिळवीत होते, ही घटना मला नेहमी विचारात पाडते.

बंगाली मुलांना हा खेळ लावला तो नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी यांनी. हेअर स्कूलच्या विद्यार्थ्यांना जमवून त्यांनी संघ उभारले, क्लब स्थापिले. आणि त्यांच्या एका क्लबात मणि दास नावाच्या कुंभाराच्या मुलाला जातीमुळे प्रवेश देण्यास काही सभासदांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी तो क्लबच मोडीत काढला आणि शोभाबाजार नावाचा नवा क्लब काढून त्यात त्याच मुलाला घेतले. हा मणि दास पुढे मोहन बागानचाही नामांकित खेळाडू झाला. महाराष्ट्रातील वाचकाला येथे पळवणकर बाळू यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची मशागत करणाऱ्या आणि चर्मकार समाजात जन्मलेल्या या गोलंदाजाने १९११ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दौऱ्यावर ११४ बळी घेतले. आणि त्याच उन्हाळ्यात, २९ जुलै १९११ रोजी, कलकत्त्याच्या मैदानावर शिल्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानच्या अकरा गड्यांनी ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा २–१ असा पराभव केला.

त्या सामन्याची हकीकत अनेकवार सांगितली गेली आहे, म्हणून येथे थोडक्यात सांगतो. अकरांपैकी दहा जण अनवाणी होते. बूट होते ते एकट्या रेव्हरंड सुधीर चटर्जींच्या पायांत. पलटणीने पहिला गोल केला, शिवदास भादुरींनी तो फेडला आणि अगदी अखेरीच्या मिनिटांत अभिलाष घोष यांनी दुसरा गोल केला. मैदानाभोवतीच्या अफाट गर्दीत मागे राहिलेल्यांना गोलसंख्या कळावी म्हणून पतंग उडविले जात होते. ‘बंगाली म्हणजे दुबळा, कारकुनीपुरता’ असा जो शिक्का मेकॉलेच्या काळापासून राज्यकर्त्यांनी त्या प्रांतावर मारला होता, तो एका संध्याकाळी पुसला गेल्याचे समाधान त्या लोकांना वाटले. १९०५ च्या फाळणीने बंगाल दुखावलेला होता. १९०६ साली लोकमान्य टिळक शिवाजी-उत्सवासाठी कलकत्त्यास गेले होते आणि बलोपासनेची भाषा त्या शहरात घरोघर बोलली जात होती. ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे एका फुटबॉल-सामन्याने लोक का रडले आणि का नाचले ते समजते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्ली दरबारात फाळणी रद्द झाली आणि राजधानी मात्र कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याचा हुकूम निघाला.

त्या जुलैमध्ये गोष्ठ पाल यांना पंधरा वर्षे पुरी होण्यास तीन आठवडे होते. त्यांचा जन्म २० ऑगस्ट १८९६ चा, पूर्व बंगालातील फरीदपूर जिल्ह्यातल्या भोजेश्वर या गावचा. हा मुलूख आता बांगला देशात आहे. कुटुंब लहानपणीच कलकत्त्यास आले आणि उत्तर भागातील कुमारटुलीत राहिले, जेथे दुर्गापूजेच्या मूर्ती घडविणाऱ्या कारागिरांची वस्ती आहे. अकराव्या वर्षी गोष्ठ कुमारटुलीच्या संघातून खेळू लागला आणि १९१२ साली, सोळाव्या वर्षी, मोहन बागानमध्ये दाखल झाला. आदल्याच वर्षी अखिल हिंदुस्थानात दुमदुमलेल्या त्या संघात एका पोरसवदा खेळाडूचा शिरकाव व्हावा, ही गोष्ट सामान्य नव्हती. विजयी संघाचा वारसा घेऊन येणाऱ्यावर जे दडपण असते ते त्याच्या वाट्याला पहिल्या दिवसापासून आले. आणि माझ्या मते गोष्ठबाबूंच्या साऱ्या कारकिर्दीचे मर्म या दडपणातच आहे. १९११ नंतर मोहन बागान हा केवळ एक क्लब राहिला नव्हता. त्याने पुन्हा जिंकावे अशी अपेक्षा बंगाल दर पावसाळ्यात बाळगी आणि दर पावसाळ्यात ती अपुरी राही; त्या अपुरेपणातही मान खाली जाऊ न देण्याचे काम ज्यांच्याकडे आले ते हे गृहस्थ होते.

ते उजव्या बाजूचे बॅक होते. आजच्या प्रेक्षकाला त्या काळातील बॅकच्या कामाची कल्पना येणे कठीण, म्हणून थोडा खुलासा करतो. त्या वेळी संघाची मांडणी ठरलेली असे: गोलरक्षकापुढे दोन बॅक, त्यांच्यापुढे तीन हाफ-बॅक आणि सर्वांत पुढे पाच फॉरवर्ड. आज जे काम चौघे-पाचजण वाटून घेतात ते दोघांवर असे. या दोघांना आधार होता तो ऑफसाइडच्या जुन्या कायद्याचा. चेंडू पुढे दिला जाण्याच्या क्षणी हल्ला करणाऱ्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या दरम्यान प्रतिपक्षाचे किमान तीन गडी असलेच पाहिजेत, असा तो कायदा होता. त्यामुळे एक बॅक धीटपणे पुढे सरकला की समोरचा फॉरवर्ड आपोआप दोषी ठरे आणि दुसरा बॅक मागे राहून चुकलेमाकलेले सावरी.

या कायद्याचा सर्वांत धूर्त उपयोग ज्याने केला तो खेळाडू आयरिश होता. १८८३ साली बेलफास्टमध्ये जन्मलेला विल्यम मॅक्रॅकन हा तेथील डिस्टिलरी क्लबातून १९०४ साली इंग्लंडातील न्यूकॅसल युनायटेडकडे गेला आणि जवळजवळ वीस वर्षे त्या एकाच क्लबाकडून, गोष्ठबाबूंप्रमाणेच उजव्या बाजूचा बॅक म्हणून, खेळला. १९०५, १९०७ आणि १९०९ ची लीग व १९१० चा एफ. ए. चषक न्यूकॅसलने जिंकला तो त्याच्या काळात. मॅक्रॅकन नेमक्या क्षणी दोन पावले पुढे टाकी आणि प्रतिपक्षाचा सारा हल्ला पंचाच्या शिट्टीने खुंटे. ही युक्ती इंग्लंडभर पसरली, प्रेक्षक कंटाळले, गोल आटले आणि अखेर १९२५ साली कायदा बदलून तीन गड्यांऐवजी दोन गडी पुरेसे ठरविण्यात आले. एका बचावपटूच्या बुद्धीमुळे खेळाचा कायदाच बदलावा लागला, असे फुटबॉलच्या इतिहासात क्वचितच घडले असेल. या मॅक्रॅकनचा मोबदल्याच्या प्रश्नावरून आयर्लंडच्या असोसिएशनशी तंटा झाला होता आणि कित्येक वर्षे त्याला देशाकडून खेळता आले नाही. तो पगारी खेळाडू होता आणि आपल्या श्रमाचे मोल मागण्यात त्याची काही चूक होती असे मला वाटत नाही.

एकाच काळात, एकाच जागेवर, दोन दूरच्या नगरांत खेळणारे हे दोन पुरुष. परंतु त्यांचे खेळ किती भिन्न! मॅक्रॅकनने हल्ला कायद्याने अडविला, गोष्ठबाबूंनी तो देहाने अडविला. गोष्ठबाबूंचे सामर्थ्य होते ते त्यांच्या भक्कम बांध्यात, चेंडू कोठे पडणार याच्या अचूक अंदाजात आणि अनवाणी पावलाने चेंडू दूरवर भिरकावण्याच्या शक्तीत. समोरून येणारा सैनिक तगडा, मांसाहाराने पोसलेला, पायात जाड तळव्याचे बूट घातलेला. त्याच्या पायाशी आपला उघडा पाय घालून चेंडू हिसकावून घ्यावयाचा, आणि हे एकदा नव्हे, सामन्यात कितीतरी वेळा, सप्ताहात दोन-दोनदा, तेवीस वर्षे करावयाचे, याची कल्पना केली तरी अंगावर काटा येतो. त्यांचा खेळ दणकट होता, पण आडदांड नव्हता. प्रतिपक्षास जायबंदी करून चेंडू घेणे त्यांना मान्य नव्हते, आणि म्हणूनच त्यांच्याशी झुंजणाऱ्या गोऱ्या खेळाडूंनाही त्यांच्याविषयी आदर होता. ‘चीनची भिंत’ हे जे बिरुद त्यांना लाभले ते याच काळातले.

अनवाणी खेळण्याविषयी पुष्कळदा भाबडेपणाने लिहिले जाते. उघड्या पायांत काही गूढ शक्ती होती असा त्या लिखाणाचा सूर असतो. वस्तुस्थिती अशी की, कलकत्त्याचा फुटबॉलचा हंगाम त्या काळी वैशाखात सुरू होई आणि पावसाळ्याबरोबर चाले. मे महिन्यात मैदान कोरडे व टणक असते. त्यावर अनवाणी खेळाडू हलका पडतो, चटकन वळतो, चेंडू बोटांनी जवळ ठेवतो, आणि बुटांचा शिपाई त्याच्यामागे धापा टाकतो. परंतु आषाढ लागला, हुगळीकाठचे ते सपाट मैदान चिखलाने भरले, की पारडे फिरते: बुटांच्या तळव्याचे खिळे मातीत रुततात आणि उघडे पाऊल घसरते. लीगचे निर्णायक सामने आणि शिल्डचे सारे सामने नेमके याच दिवसांत येत. सुरुवातीच्या सामन्यांत आघाडीवर असलेले हिंदी संघ पाऊस पडू लागला की मागे का पडत, याचे कारण एवढेच होते. चिखलात फॉरवर्ड घसरला तर एक संधी जाते. बॅक घसरला तर गोल होतो. घसरड्या जमिनीवर उघड्या पायांनी उभे राहून प्रतिपक्ष थोपविणे हे त्या काळात हिंदी खेळाडूच्या वाट्याला आलेले सर्वांत कठीण काम होते आणि गोष्ठबाबूंचे मोठेपण तेथे आहे.

खेळातील अडचण एकट्या निसर्गाने आणलेली नव्हती. कलकत्ता लीग १८९८ साली सुरू झाली. परंतु हिंदी क्लबांना तिच्यात शिरकाव मिळाला तो १९१४ साली, तोही दुसऱ्या विभागात. मोहन बागान पुढच्या वर्षी पहिल्या विभागात आला आणि त्याच्या पुढच्या वर्षी, १९१६ साली, दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. तरीही पहिल्या विभागात दोनांहून अधिक हिंदी क्लब असू नयेत, असा निर्बंध विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या मध्यापर्यंत कायम होता. उरलेल्या साऱ्या जागा पलटणींच्या आणि गोऱ्यांच्या क्लबांच्या मक्त्याच्या होत्या. नियम करणारे तेच, दाद मागावयाची ती त्यांच्याकडेच. पंचांच्या निकालांविरुद्ध बंगाली प्रेक्षकांच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालू राहिल्या, आणि त्या साऱ्याच पराभवाच्या कटुतेतून उपजलेल्या होत्या असे म्हणता येणार नाही.

१९२१ साली गोष्ठबाबूंकडे कर्णधारपद आले आणि १९२६ पर्यंत ते त्यांच्याकडे होते. या पाच वर्षांतील १९२३ हे साल मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण त्या एका वर्षात मोहन बागानने दोन मोठ्या स्पर्धांची अंतिम फेरी गाठली आणि दोन्हींत पराभव पत्करला. आणि त्यांतली एक स्पर्धा आपल्या मुंबईची होती.

पहिला पराभव घरचा. १९११ नंतर बारा वर्षांनी मोहन बागान पुन्हा शिल्डच्या अंतिम सामन्यात आला होता, आणि समोर या वेळी पलटण नव्हती, तर कलकत्ता फुटबॉल क्लब होता: गोऱ्या व्यापाऱ्यांचा आणि अंमलदारांचा, हिंदी माणसाला सभासद करून न घेणारा क्लब. पलटण आज येथे तर उद्या दुसऱ्या छावणीत. हा प्रतिस्पर्धी मात्र शहरातलाच, रोज कचेरीत हुकूम सोडणारा. त्याला हरविण्याचा अर्थ काय झाला असता, हे त्या दिवशी मैदानाभोवती जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. पण पाऊस असा कोसळला की मैदानाचे तळे झाले. सामना तहकूब व्हावा असे बंगाली प्रेक्षकांना वाटत होते, परंतु तो खेळविण्यात आला, आणि बुटांच्या संघाने अनवाणी संघाला ३–० असे हरविले. त्या सामन्याच्या आठवणीने पुढे कित्येक वर्षे जुने मोहन बागानवाले हळहळत. मला त्यांची हळहळ रास्त वाटते. कोरड्या मैदानावर निकाल हाच लागला असता की नाही हे कोणी सांगू शकत नाही. पण समान भूमीवर झुंजण्याची संधीच त्यांना मिळाली नाही, एवढे निश्चित.

दुसरा पराभव मुंबईचा. रोव्हर्स कप ही स्पर्धा मुंबईत १८९१ पासून चालू होती आणि तीस वर्षांत ती पलटणींच्या घरचीच झाली होती. १९२३ साली मोहन बागान कलकत्त्याहून मुंबईस आला, एकेका गोऱ्या संघाला मागे टाकीत अंतिम फेरीत पोहोचला, आणि तेथे डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून ४–१ असा हरला. रोव्हर्सच्या अंतिम सामन्यात पोहोचलेला हा पहिला हिंदी नागरी संघ होता. क्रिकेटच्या चौरंगी सामन्यांवर जीव टाकणाऱ्या मुंबईने फुटबॉलमध्ये असा तोडीचा हिंदी संघ तोवर पाहिला नव्हता. मुंबईतील हिंदी क्लबांना आणि पुढे दक्षिणेकडील संघांना, ही स्पर्धा आपणही खेळू शकतो आणि जिंकू शकतो, हा विश्वास या पराभवाने दिला असे मी मानतो. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने रोव्हर्स कप जिंकला आणि पलटणींची सद्दी संपली; मोहन बागानला मात्र तो जिंकण्यासाठी १९५५ पर्यंत थांबावे लागले.

दोन वर्षांनी, १९२५ साली, सिमल्याच्या ड्युरँड स्पर्धेचे दार मोहन बागानसाठी उघडले. परराष्ट्र खात्याचे सचिव मॉर्टिमर ड्युरँड यांनी १८८८ साली सुरू केलेल्या या स्पर्धेत सदतीस वर्षांत एकही हिंदी नागरी संघ खेळला नव्हता. गोष्ठबाबूंचा संघ तेथे उपान्त्य फेरीपर्यंत गेला. याच वर्षी ऑफसाइडचा नवा कायदा आला आणि जगभरच्या बॅकांचे काम एकाएकी अवघड झाले. मॅक्रॅकनची युक्ती निकामी झाली, फॉरवर्ड मोकळे सुटले, गोलांची संख्या सर्वत्र वाढली. एकोणतिशी गाठलेल्या गोष्ठबाबूंना आपला खेळ नव्या कायद्याशी जुळवून घ्यावा लागला, आणि त्यानंतरही ते दहा वर्षे खेळले. ज्याचा बचाव कायद्याच्या आधारावर उभा असेल तो कायद्याबरोबर कोसळतो. गोष्ठबाबूंचा बचाव त्या आधारावर उभा नव्हता, याचा याहून चांगला पुरावा मला सुचत नाही.

१९२५ हेच वर्ष आणखी एका कारणाने कलकत्त्याच्या स्मरणात आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी स्थापन झालेल्या ईस्ट बंगाल क्लबाने २८ मे १९२५ रोजी लीगमध्ये मोहन बागानला १–० असे हरविले आणि आजतागायत त्या शहराला दोन भागांत विभागणारी चुरस सुरू झाली. पूर्वेकडून आलेले ते ‘बांगाल’ आणि पश्चिमेकडचे मूळ रहिवासी ते ‘घोटी’. पहिल्यांचा क्लब ईस्ट बंगाल, दुसऱ्यांचा मोहन बागान, अशी आज सर्रास समजूत आहे. या समजुतीला गोष्ठबाबूंचे चरित्र छेद देते, कारण फरीदपूरचा हा बांगाल जन्मभर मोहन बागानचा राहिला. आणि १९११ च्या विजयी संघातीलही बहुतेक खेळाडू पूर्व बंगालचेच होते. प्रांताच्या अभिमानाची रेषा नंतर आखली गेली. त्या पिढीच्या दृष्टीने लढत होती ती गोऱ्यांशी.

त्या काळात हिंदी फुटबॉलमध्ये गुणी खेळाडूंची वाण नव्हती. चेंडूवरील हुकमतीमुळे ‘जादूगार’ म्हणून गाजलेले सय्यद अब्दुस समद गोष्ठबाबूंचे समकालीन. उमापती कुमार आणि बलाईदास चटर्जी हे त्यांचे क्लबातले सोबती. गोष्ठबाबू स्वतः मोहन बागानकडून क्रिकेट, हॉकी आणि टेनिसही खेळत. १९३० साली सविनय कायदेभंगाच्या लाटेत हिंदी क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतले आणि त्या वर्षीची लीग अपुरी राहिली. १९३३ साली गोष्ठबाबूंच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ सिलोनच्या दौऱ्यावर गेला आणि कोलंबोचा सामना जिंकून आला. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, १९३५ साली, त्यांनी खेळ थांबविला. तोवर कलकत्त्यात महमेडन स्पोर्टिंगचा उदय झाला होता. १९३४ पासून सलग पाच वर्षे लीग त्या क्लबाने जिंकली, १९३६ साली शिल्डही घेतली, आणि गोऱ्या संघांचे वर्चस्व कायमचे संपले. ओल्या मैदानावर बूट घालून खेळण्याचा प्रघात त्या क्लबाने पाडला, हे त्याच्या यशाचे एक मोठे कारण होते. गोष्ठबाबूंच्या पिढीने जो प्रश्न पायाच्या कातडीवर सोसला, त्याचे उत्तर पुढच्या पिढीने चांभाराकडून करून घेतले.

तरी अनवाणी खेळाचे दिवस एकदम संपले नाहीत. १९३६ साली महमेडन स्पोर्टिंगचा महमद सलीम ग्लासगोच्या सेल्टिक क्लबाकडून पायाला पट्ट्या गुंडाळून दोन सामने खेळला. हा सेल्टिक क्लब म्हणजे ग्लासगोतल्या गरीब आयरिश निर्वासितांच्या पोटापाण्यासाठी एका आयरिश धर्मबंधूने १८८७ साली काढलेली संस्था. कलकत्त्याच्या मुसलमान खेळाडूला युरोपात पहिले स्थान मिळाले ते आयरिशांच्या क्लबात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणीच उतरले आणि फ्रान्सशी २–१ असे निसटते हरले. १९५२ साली हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने भारतावर १०–१ असा विजय मिळविला, तेव्हा बूट सक्तीचे करण्यात आले.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. हरलेल्या स्पर्धांचा कर्णधार लोकांना एवढा प्रिय का झाला? मला असे वाटते की, पारतंत्र्यातील सामान्य माणसाच्या आयुष्याशी फॉरवर्डच्या खेळापेक्षा बॅकचा खेळ अधिक जुळणारा होता. गोल करण्याची, म्हणजे काही मिळविण्याची, संधी त्याला क्वचित येई. रोजचे काम होते ते येणारा लोंढा अडविण्याचे, आपली जागा न सोडण्याचे, पडलो तर पुन्हा उठण्याचे. कचेरीत दिवसभर साहेबाचा शब्द निमूटपणे ऐकून संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभा राहणारा कारकून जेव्हा उघड्या पायांचा एक बंगाली गृहस्थ धावून येणाऱ्या शिपायासमोर तसूभर न हलता उभा राहिलेला पाही, तेव्हा त्याला जे मिळे ते ढालीच्या चांदीपेक्षा मोलाचे होते. १९११ चा विजय हा एका दिवसाचा होता, आणि तो अमर आहे. परंतु रोज सकाळी उठून जगण्याला जे धैर्य लागते ते एका दिवसाच्या विजयातून पुरत नाही. ते धैर्य गोष्ठबाबूंनी कलकत्त्याला तेवीस वर्षे पुरविले. इमारतीच्या शिखराकडे सगळे पाहतात, जोत्याच्या दगडाकडे कोणी पाहत नाही. कलकत्त्याने जोत्याच्या दगडाकडे पाहिले, हा त्या नगराचा गुण मला फार मोठा वाटतो.

सरकारनेही त्यांची उशिरा का होईना दखल घेतली. १९६२ साली गोष्ठबाबूंना पद्मश्री देण्यात आली. हा सन्मान मिळविणारे ते पहिले फुटबॉलपटू. १९७६ साली ते वारले, आणि १९९८ साली त्यांच्या नावाचे टपालाचे तिकीट निघाले. कलकत्त्याच्या मैदानात ईडन गार्डन्ससमोरच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे आणि तेथेच त्यांचा पुतळा उभा आहे. ईडन गार्डन्सचे क्रिकेट पाहण्यास महाराष्ट्रातून हजारो रसिक जातात. त्यांनी सामना संपल्यावर रस्ता ओलांडून या पुतळ्यापर्यंत अवश्य जावे, आणि बरोबर मुले असतील तर त्यांना सांगावे की १९२३ साली हा मनुष्य आपल्या मुंबईतही अनवाणी खेळून गेला होता.